ओसिंट शिकताय? तारीख, जागा आणि नाव ठरवताना या चुका टाळा

सगळ्यांना उघड असलेल्या माहितीवरून शोध घेण्याला ओसिंट म्हणतात. ते शिकायला लागलेला माणूस आधी टूल्सच्या याद्या जमवतो. पण टूल नाही म्हणून शोध क्वचितच अडतो. हाती लागलेली खूण जेवढं सांगते त्याहून जास्त आपण तिच्याकडून वदवून घेतो, आणि शोध तिथे फसतो. खालच्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत. उदाहरणं सोलापूरची आहेत, कारण सराव नेहमी आपल्या गावावर करावा. उत्तर बरोबर आलं का हे गाडी काढून जागेवर जाऊन पाहता येतं.

फाइलच्या नावातली तारीख

अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपमधून आलेल्या फोटोच्या नावात आठ आकड्यांची तारीख आणि पुढे डब्ल्यूए असतं. ही तारीख फोटो काढल्याची नाही, तो त्या फोनवर आला किंवा तिथून गेला त्या दिवसाची आहे. पाच वर्षांपूर्वीचा गड्ड्याच्या यात्रेचा फोटो आज फॉरवर्ड झाला की नावात आजचीच तारीख दिसते.

मग लोक एक्झिफ माहिती, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच साठलेली तारीख, जागा आणि कॅमेऱ्याची नोंद, बघायला जातात आणि ती रिकामी निघाली की फोटो खोटा ठरवतात. हीसुद्धा चूकच. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्स फोटो चढवतानाच ही माहिती काढून टाकतात, त्यामुळे रिकामी एक्झिफ ही नेहमीचीच गोष्ट आहे. मूळ फोटो ज्याच्याकडे आहे त्याला तो गॅलरीतून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे माहिती टिकते. ती मिळाल्यावरही कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं असं गृहीत धरू नका.

अख्खा फोटो एकदाच शोधून सोडून देणे

वर ‘ब्रेकिंग’ची पट्टी, खाली लोगो, मधे गर्दी असं चित्र तसंच गुगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या टूलमध्ये, टाकलं तर त्याला पट्टीच दिसते. आधी पट्टी आणि लोगो कापा. मग इमारत, पाटी, पुतळा असे तुकडे वेगवेगळे शोधा. गुगल लेन्स आणि तशीच चित्र शोधणारी यांडेक्स व टिनआय या तिन्हींवर शोधा, कारण प्रत्येकाचा साठा वेगळा आहे. टिनआयवर निकाल सर्वात जुन्यापासून लावता येतात. पण तिथली तारीख म्हणजे टिनआयला ते चित्र पहिल्यांदा सापडलं तो दिवस. चित्र त्याआधी कितीही जुनं असू शकतं. व्हिडिओ असेल तर इनव्हिड या ब्राउझरमध्ये बसवायच्या प्लगइनने त्याच्या फ्रेम सुट्या काढा आणि त्यातल्या स्पष्ट फ्रेम याच पद्धतीने शोधा.

पाटीची लिपी आणि गाडीचा नंबर बघून गाव ठरवणे

सोलापुरात ही चूक हमखास होते. दुकानावर तेलुगू अक्षरं दिसली की बाहेरचा माणूस हैदराबाद म्हणतो, कन्नड दिसली की विजयपूर. पण सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतोय आणि अक्कलकोटकडे कन्नड रोजच्या वापरात आहे. लिपीवरून भाषा कळते, शहर कळत नाही. एमएच 13 म्हणजे गाडीची नोंदणी सोलापूरची. ती गाडी त्या क्षणी पुण्यातल्या सिग्नलला उभी असू शकते. उलटंही लक्षात ठेवा: जिल्ह्यातल्याच अकलूजच्या गाड्या एमएच 45 असतात. एका गाडीवरून काही ठरत नाही, उभ्या असलेल्या दहा-बारा गाड्यांतल्या बहुतेकांचा नंबर एकच असेल तर त्या खुणेला थोडं वजन येतं.

जागा ठरवायला न हलणाऱ्या किमान तीन गोष्टी लागतात: रस्त्याचं वळण, पाण्याची टाकी, मंदिराचं शिखर, विजेचा मोठा मनोरा. कॅमेरा कुठे उभा होता ते नकाशावर ठरवा. तिथून या तिन्ही गोष्टी फोटोत दिसतात त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे येतात का, ते तपासा. क्रम नेमका उलटा आला तर चित्र उलटवलेलं असू शकतं. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात हे सर्रास होतं, अक्षरं उलटी आहेत का बघा.

बांधकामावरून काळ काढताना एकाच बाजूने विचार करणे

सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी जून 2023 मध्ये पाडली. ती उभी दिसते म्हणजे फोटो त्याआधीचा, हे पक्कं. पण ती दिसत नाही म्हणून फोटो नंतरचा, असं होत नाही. कॅमेऱ्याचं तोंड त्या दिशेला होतं आणि मधे काही आडवं नव्हतं, हे आधी दाखवावं लागतं.

मुंबई–सोलापूर वंदे भारत 10 फेब्रुवारी 2023 ला सुरू झाली. सोलापूर स्टेशनवर ती उभी असलेला फोटो त्या तारखेनंतरचा, चाचणीच्या फेऱ्या धरल्या तर फार तर थोडा आधीचा. चिमणी आणि वंदे भारत एकाच व्हिडिओत आली तर काळ चार-पाच महिन्यांत बसतो. अशी दोन टोकं शोधायची सवय लावून घ्या.

नावांचं गणित वेगळं आहे. सोलापूर विद्यापीठाला 2019 मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. पाटीवर नवं नाव असेल तर फोटो त्यानंतरचा. जुनं नाव असेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण दुकानांवरच्या जुन्या पाट्या वर्षानुवर्षं तशाच राहतात.

सावली नेहमी उत्तरेला पडते असं समजणे

भारत उत्तर गोलार्धात, म्हणून दुपारची सावली उत्तरेला, हा नियम सोलापुरात अर्धाच खरा आहे. शहर साधारण 17.66 अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. 10 मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि 3 ऑगस्टच्या आसपास पुन्हा डोक्यावर येतो. या मधल्या काळात भर दुपारची सावली दक्षिणेला पडते. जूनमधल्या फोटोला उत्तरेचा नियम लावला की सगळा नकाशा उलटा फिरतो.

दुसरी गडबड घड्याळाची. भारतीय वेळ 82.5 पूर्व रेखांशावरची आहे, सोलापूर 75.9 वर. इथली खरी मध्यान्ह त्यामुळे सरासरी 26 मिनिटं उशिरा होते, आणि वर्षभरात 12 वाजून 10 मिनिटं ते 12 वाजून 40 मिनिटं अशी मागेपुढे होते. सनकॅल्क या संकेतस्थळावर जागा आणि तारीख दिली की सूर्याची दिशा आणि उंची मिळते. फोटोत सरळ उभा खांब शोधा, त्याच्या उंचीचं सावलीच्या लांबीशी प्रमाण काढा. दोन्ही सारखे असतील तर सूर्य 45 अंशांवर आहे. ही उंची दिवसातून दोनदा येते, सकाळी आणि दुपारनंतर, म्हणून सावलीची दिशा माहीत असल्याशिवाय वेळ सांगू नका. कॅमेरा तिरका असेल किंवा जमीन उताराची असेल तर मिनिटांत उत्तर देऊ नका, तासाभराचा पट्टा द्या.

उपग्रह चित्रांबद्दल थोडक्यात. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाची चित्रं मोफत आहेत आणि तो दर पाच दिवसांनी फिरून येतो, पण त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या 10 मीटरचा. सीना नदीचं पाणी किती पसरलं ते दिसेल, रस्त्यावरची जीप दिसणार नाही. पावसाळ्यात ढग आड येतात, तेव्हा सेंटिनेल-1 चं रडार चित्र वापरा.

मराठीत शोधलं, काही मिळालं नाही, म्हणजे नोंदच नाही

जुन्या सरकारी पीडीएफ श्री-लिपी किंवा डीव्हीबी सुरेखसारख्या फॉन्टमध्ये आहेत. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत युनिकोड, म्हणजे संगणकाला मराठी म्हणून ओळखता येणारी अक्षरं, नसतात. मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. कचरा अक्षरं आली तर गुगलवर देवनागरीत शोधून ती फाइल कधीच सापडणार नाही. अशा फाइलची पानं चित्रांत बदला आणि चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या टेसरॅक्ट या टूलच्या मराठी ओळखीतून काढा, किंवा गुगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडा. स्कॅन केलेल्या कागदांनाही हाच उपाय.

मराठी आडनावांची इंग्रजी रूपं तीन-चार असतात, ती सगळी लिहून घेऊन एकेक शोधा. गावाचंही तेच: जुन्या नोंदींत सोलापूरचं इंग्रजी नाव ‘शोलापूर’ असं सापडतं. गुगलवर शोध एकाच संकेतस्थळापुरता किंवा एकाच प्रकारच्या फाइलपुरता ठेवणाऱ्या ‘साइट’ आणि ‘फाइलटाइप’ या खुणा इंग्रजी अक्षरांतच टाइप करा आणि कोलननंतर जागा सोडू नका. ती एक मोकळी जागा शोध बिघडवते.

दुकानाची एक नोंद खरी निघाली की सगळं खरं मानणे

समजा, एखादं पान सोलापुरी चादरी अर्ध्या किमतीत विकतंय आणि खाली जीएसटी क्रमांकही आहे. क्रमांक 15 अक्षरांचा असतो: पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅनचं चौथं अक्षर पी असेल तर ती व्यक्ती, सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी फर्म. पानावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि पॅनमध्ये पी, तर तिथेच थांबा.

सगळं जुळलं तरी काम संपत नाही, कारण दुसऱ्याच व्यापाऱ्याचा खरा क्रमांक उचलून चिकटवता येतो. जीएसटी पोर्टलवरचं कायदेशीर नाव, पैसे देताना दिसणारं नाव आणि डोमेनची नोंदणी तारीख शेजारी शेजारी लिहा. फेसबुक पानाच्या ‘पारदर्शकता’ भागात पान कधी उघडलं आणि आधी त्याचं नाव काय होतं ते मिळतं. काल गाण्यांचं असलेलं पान आज चादरी विकत असेल तर तिथे कळतं. पत्ता सोलापुरातला असेल तर जाऊन बघा.

ट्रूकॉलरवर दिसणारं नाव बहुतेकदा इतरांनी तो नंबर कसा सेव्ह केलाय ते सांगतं. सिम दुसऱ्याकडे गेलं तरी जुनं नाव राहू शकतं. त्यावरून कुणाचंही नाव जाहीर करू नका. चुकीच्या माणसाच्या दारात लोक जमा होतात, ते नुकसान भरून येत नाही.

स्वतःचं खातं वापरणे आणि हद्द ओलांडणे

लिंक्डइन प्रोफाइल कुणी पाहिली ते दाखवतं, इन्स्टाग्राम स्टोरी कुणी पाहिली ते दाखवतं. शोधासाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल ठेवा. पासवर्डचा अंदाज लावणं, ओटीपी काढून घेणं, दुसऱ्याच्या नावाने खातं उघडून माहिती उकळणं हे ओसिंट नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66, 66सी आणि 66डी ही कलमं तिथे लागू शकतात.

नुसता स्क्रीनशॉट

स्क्रीनशॉटमध्ये पत्ता आणि वेळ नसेल तर त्याला फार किंमत नाही. पानाचा पूर्ण पत्ता नोंदवा, वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात पान जतन करा, मूळ फाइल उतरवून घ्या. वेबॅकच्या पत्त्यातले 14 आकडे म्हणजे पान जतन झाल्याची तारीख आणि वेळ, ती जागतिक वेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवा. तिथे रात्रीचे 7:30 दिसले तर आपल्याकडे मध्यरात्र उलटून दुसऱ्या दिवशीचा 1 वाजलेला असतो.

फाइल उतरवताच तिची शा-256 हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ठसा, काढून वहीत लिहा. विंडोजमध्ये सर्टयुटिल हे टूल त्यासाठी आधीपासूनच असतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश द्यावी लागते. नंतर काढलेली हॅश मधल्या काळाबद्दल काही सांगत नाही. मूळ फाइल उघडून काटछाट करू नका, कामासाठी वेगळी प्रत घ्या. आणि कुणाचे पैसे गेलेले असतील तर हे सगळं नंतर, आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावा.