मदतीच्या पैशाला पाय कुठे फुटतात: 'तेलाच्या बदल्यात अन्न' प्रकरण कसं तपासावं

मानवतावादी मदतीतला घोटाळा उघडकीला आला की सगळ्यांचं लक्ष आधी एका माणसाकडे जातं. मोठ्या हुद्द्यावरचा राजनैतिक अधिकारी, चाळीस वर्षांची नोकरी, बँकेत भरलेल्या रोख नोटा. तपासाची सुरुवात तिथून करू नका. निर्बंधांखालच्या इराकला तेल विकून त्या पैशातून अन्न-औषधं घेऊ देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या 'तेलाच्या बदल्यात अन्न' कार्यक्रमाचे प्रमुख बेनॉन सेवान यांच्यावर ठपका आला तो १,४७,१८४ डॉलरच्या रोख भरण्यांवरून. त्याच कार्यक्रमातून सद्दाम हुसेन सरकारने बेकायदा उकळले सुमारे १८० कोटी डॉलर, म्हणजे बारा हजार पटींहून जास्त. अधिकाऱ्याच्या खिशापासून सुरुवात केली तर एवढी मोठी गळती नजरेतून निसटते. म्हणून आधी कार्यक्रमाची रचना तपासा, माणूस शेवटी.

या कार्यक्रमाने इराकच्या निम्म्याहून अधिक लोकांची चूल पेटती ठेवली, मुलांचं कुपोषण कमी केलं. घोटाळ्याची चौकशी करणाऱ्या पॉल व्होल्कर समितीनेही ते मान्य केलं. चांगल्या कामातली गळती नीट मोजली नाही, तर पुढच्या वेळी गळतीऐवजी मदतच बंद केली जाते.

पैशाची वाट कागदावर काढा

मोठा कागद घ्या आणि पैसा कुठून कुठे गेला ते बाणांनी दाखवा: तेल, खरेदीदार, बँक खातं, पुरवठा करार, बंदर, रेशनचं दुकान. प्रत्येक बाणाखाली चार गोष्टी लिहा: निवड कोण करतं, किंमत कोण ठरवतं, तपासणी कोण करतं, कागद कुठे राहतो.

इराकबाबत हा कागद असा भरतो. कुवेतवरच्या आक्रमणानंतर ऑगस्ट १९९० मध्ये सुरक्षा परिषदेच्या ठराव ६६१ ने निर्बंध लागले. १४ एप्रिल १९९५ च्या ठराव ९८६ ने मर्यादित तेलविक्रीला परवानगी दिली, २० मे १९९६ रोजी इराकशी सामंजस्य करार झाला, त्या डिसेंबरात तेल निघालं आणि मार्च १९९७ मध्ये पहिलं धान्य पोहोचलं. कार्यक्रम १८० दिवसांच्या टप्प्यांत चालला. सुरुवातीची मर्यादा टप्प्याला २०० कोटी डॉलरची होती. १९९८ मध्ये ती सुमारे ५२५ कोटींवर गेली आणि डिसेंबर १९९९ मध्ये पूर्णच उठली. पैसा न्यूयॉर्कच्या बीएनपी बँकेतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे तिऱ्हाइताच्या ताब्यातल्या राखीव खात्यात, जमा व्हायचा. सुरुवातीच्या वाटणीत शंभरातले ५३ मध्य व दक्षिण इराकसाठी, १३ उत्तरेच्या तीन कुर्दिश प्रांतांसाठी, ३० युद्धाच्या नुकसानभरपाईसाठी आणि उरलेले ४ प्रशासन, शस्त्रतपासणी व इतर खर्चासाठी होते.

आता 'निवड कोण करतं' हा रकाना पाहा. तेल कोणाला विकायचं ते इराक ठरवणार. मध्य-दक्षिणेसाठी माल कोणाकडून घ्यायचा तेही इराकच ठरवणार. ज्याच्यावर निर्बंध, त्याच्याच हातात दोन्ही दारांच्या किल्ल्या. सगळा घोटाळा या एका रकान्यात आहे. उत्तरेच्या प्रांतांत संयुक्त राष्ट्रांच्या संस्था कार्यक्रम स्वतः राबवत होत्या, त्यामुळे तिथलं चित्र वेगळं होतं. एकाच कार्यक्रमात खरेदीच्या दोन पद्धती असतील, तर त्यांचे दर शेजारी शेजारी मांडून बघा. याहून स्वस्त आणि खात्रीची चाचणी दुसरी नाही.

किमतीतली फट मोजा

तेलाची अधिकृत किंमत इराकची सरकारी तेल कंपनी सुचवायची, संयुक्त राष्ट्रांचे तेल पर्यवेक्षक ती तपासायचे आणि निर्बंधांवर देखरेख करणारी सुरक्षा परिषदेची ६६१ समिती मंजूर करायची. मंजूर दर बाजारभावापेक्षा थोडा कमी राहिला की ज्याच्या नावावर तेलाचं वाटप झालं त्याला बसल्या जागी नफा. तेल स्वतः उचलण्याची गरज नव्हती, वाटप एखाद्या व्यापाऱ्याला विकलं तरी चालायचं.

तपासताना तीन रकाने करा: त्या महिन्याचा मंजूर दर, त्याच काळातला त्याच प्रतीच्या तेलाचा बाजारदर, उचललेली बॅरल्स. पहिल्या दोन्हींतला फरक गुणिले बॅरल्स. बॅरलमागे २५ सेंट आणि २० लाख बॅरल्स असतील तर ५ लाख डॉलर. सेंट हा शब्द वाचून कुणाला ही रक्कम मोठी वाटत नाही, म्हणून गुणाकार प्रत्येक वेळी लिहून ठेवा.

२००० च्या शरद ऋतूपासून इराकने या फटीतला वाटा मागायला सुरुवात केली. आधी बॅरलमागे ५० सेंट मागितले, पुढे बहुतेक सौदे १० ते ३० सेंटच्या पट्ट्यात झाले. पैसे एस्क्रो खात्यात नव्हे, तर जॉर्डन-लेबनॉनमधल्या बँकांत आणि इराकी दूतावासांत, विशेषतः मॉस्कोत, जमा झाले. हा अधिभार एकूण सुमारे २३ कोटी डॉलर झाला. तेल घेणाऱ्या २४८ कंपन्यांपैकी १३९ कंपन्यांच्या करारांवर तो भरला गेला.

उपाय परिणामकारक होता, पण महागही पडला. २००१ च्या अखेरीस अमेरिका आणि ब्रिटनच्या आग्रहाने दर आगाऊ न ठरवता तेल उचलल्यानंतर ठरू लागला. फट मिटली, अधिभार आटला. पण खरेदीदाराला आपण किती देणार हे आधी कळेना, त्यामुळे उचल घसरली आणि धान्य-औषधांसाठीचा पैसाही कमी झाला. कुठलाही लगाम सुचवताना त्याचा हा भुर्दंड कोण भरणार तेही लिहायला हवं.

करारातली न पटणारी खर्चाची नावं शोधा

सर्वांत मोठी रक्कम इथे गेली. मालपुरवठ्याच्या करारांवर उकळलेलं कमिशन सुमारे १५५ कोटी डॉलर होतं. ३,६१४ पुरवठादारांपैकी २,२५३ कंपन्यांच्या करारांत ते सापडलं. दोन नावांखाली ते घेतलं गेलं.

१९९९ च्या मध्यापासून 'अंतर्गत वाहतूक शुल्क' सुरू झालं: उम्म कसर बंदरातून माल आत नेण्याचं भाडं. ऑस्ट्रेलियाच्या एडब्ल्यूबी या गहू निर्यातदार कंपनीने हे भाडं आलिया नावाच्या जॉर्डनमधल्या कंपनीला दिलं. आलियाच्या मालकीत इराकच्या वाहतूक मंत्रालयाचा वाटा होता आणि गहू तिने वाहिलाच नाही. टनामागे सुमारे १२ डॉलरपासून सुरू झालेला दर काही वर्षांत ५० च्या आसपास गेला. एकूण सुमारे २२ कोटी डॉलर असे गेले. ऑस्ट्रेलियात कोल चौकशी आयोगाने २००६ मध्ये हे सगळं बाहेर काढलं.

२००० च्या मध्यापासून दुसरं नाव आलं, 'विक्रीपश्चात सेवा', सर्वसाधारणपणे कराराच्या १० टक्के. पंप किंवा जनरेटरला विक्रीनंतरची सेवा लागते. गव्हाला कसली सेवा? मालाचं स्वरूप आणि शुल्काचं नाव जुळत नसेल तिथे लाल खूण करा.

पद्धत अशी. एकाच मालाचे, एकाच पुरवठादाराचे सलग टप्प्यांतले करार काढा. एककाचा दर लिहा. १०० चा दर एका टप्प्यात ११० झाला, जागतिक भाव मात्र हलला नाही, आणि हीच उडी साखर, साबण, सुटे भाग अशा असंबंधित मालांतही त्याच सुमारास दिसली, तर तो बाजार नव्हे, तो वरून आलेला हुकूम. इथे एक चूक हमखास होते. लोक एकच करार घेतात, जागतिक भावाशी ताडतात, आणि भाडं, विमा, युद्धजोखीम यांची कारणं पुढे आली की गप्प बसतात. एका करारात ती कारणं टिकतात, चाळीस करारांत एकदम टिकत नाहीत.

कमिशन दिलेला पुरवठादार ते स्वतःच्या पदरचं देत नाही. करार फुगवला जातो, म्हणजे एस्क्रो खात्यातूनच ते पैसे निघतात. ते खातं इराकी जनतेचं होतं.

तपासनिसाला काय तपासायला सांगितलं नव्हतं?

बंदरावर निरीक्षक होते, मग कुणाला कसं दिसलं नाही, हा प्रश्न नेहमी येतो. त्यासाठी निरीक्षकाचा करार वाचा. सीमेवर मालाची आवक प्रमाणित करणारी कोटेक्ना कंपनी (तिच्याआधी लॉइड्स रजिस्टर) माल आला की नाही ते पाहायची. त्या दाखल्यावर बँक पैसे सोडायची. किंमत योग्य आहे का, हे तिचं कामच नव्हतं. न्यूयॉर्कमधली ६६१ समिती करार अडवून ठेवायची ते लष्करी वापराच्या शंकेने. किंमत हे कारण जवळजवळ कधीच नव्हतं. अशा वेळी एक तक्ता करा: डावीकडे धोके, वर तपासणी करणारे. ज्या ओळीत एकही खूण नाही, तिथून पैसा गेला असं धरून पुढे जा.

तेलाच्या बाजूलाही हेच झालं. २००१ मध्ये एसेक्स या टँकरने निरीक्षकांनी मोजणी प्रमाणित केल्यानंतर पुन्हा तेल भरलं, दोन खेपांत मिळून सुमारे पाच लाख बॅरल. हे उघड झालं ते टँकरच्या कप्तानाने स्वतः कळवल्यामुळे.

कागदाबाहेरचा बाणही काढा. जॉर्डन, तुर्कस्तान, सीरियाकडे कार्यक्रमाच्या बाहेरून गेलेल्या तेलातून इराकला सुमारे १,१०० कोटी डॉलर मिळाले. ही तस्करी सुरक्षा परिषदेच्या सदस्यांना ठाऊक होती. सगळा दोष संयुक्त राष्ट्रांच्या एका कार्यालयावर टाकणाऱ्या मजकुरात हा आकडा आहे का, ते आधी पाहा.

आता अधिकाऱ्याकडे या

बेनॉन सेवान सायप्रसचे. १९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आले. सोव्हिएत माघारीच्या काळात अफगाणिस्तानात होते, १९९२ मध्ये तिथले पायउतार राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला यांना काबूलबाहेर सुखरूप काढण्याचा प्रयत्न त्यांनी केला, तो फसला. ऑक्टोबर १९९७ मध्ये इराक कार्यक्रमाचं स्वतंत्र कार्यालय निघालं आणि ते प्रमुख झाले. अशी कारकीर्द वाचताना निष्ठा किंवा धाडस यांवरून प्रामाणिकपणाचा अंदाज बांधू नका. त्या माणसाला कुठला निर्णय एकट्याने घेता येत होता आणि त्याच्याकडे कोण काय मागायला येत होतं, एवढंच शोधा.

मग दोन कालरेषा एकाखाली एक काढा. वरच्या रेषेवर तेलवाटप: एएमईपी या छोट्या व्यापारी कंपनीला सेवान यांच्या शिफारशीने वाटप मिळालं, असा व्होल्कर समितीचा निष्कर्ष आहे. कंपनीने सुमारे ७३ लाख बॅरल उचलून १५ लाख डॉलरच्या आसपास मिळवले. खालच्या रेषेवर रोख भरणा: डिसेंबर १९९८ ते जानेवारी २००२. सेवान यांनी हा पैसा सायप्रसमधल्या आत्याने दिल्याचं सांगितलं आणि संपत्ती विवरणात तसं लिहिलंही होतं. आत्याच्या साध्या राहणीशी हे जुळत नाही, असं समितीला वाटलं. विवरणपत्र भरलं गेलं म्हणजे ते पडताळलं गेलं, असं समजू नका. आकड्यामागे देणाऱ्याची ऐपत तपासावी लागते.

सेवान यांनी आरोप नाकारले आणि ऑगस्ट २००५ मध्ये राजीनामा दिला. जानेवारी २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांच्यावर आरोपपत्र दाखल झालं तेव्हा ते सायप्रसमध्ये होते. तुमच्या मजकुरात 'समितीचा निष्कर्ष', 'आरोपपत्र' आणि 'न्यायालयाचा निकाल' हे तीन शब्द कधीही एकमेकांच्या जागी येऊ देऊ नका. राजनैतिक संरक्षणाचंही तसंच. १९४६ च्या करारानुसार ते अधिकाऱ्याच्या वैयक्तिक फायद्यासाठी नसतं, न्यायाच्या आड येत असेल तर महासचिव ते काढून घेऊ शकतात. त्यामुळे संरक्षण काढण्याची विनंती कुणी केली आणि त्यावर काय झालं, हे विचारा.

अंतर्गत चौकशीचा अहवाल हाती आला तर आधी ती किती दिवस चालली ते बघा. महासचिव कोफी अन्नान यांचा मुलगा कोटेक्नात नोकरीला होता, हे १९९९ च्या सुरुवातीला छापून आल्यावर झालेली चौकशी एका दिवसात उरकली होती. कोटेक्नाच्या कंत्राटावर अन्नान यांनी दबाव आणल्याचा पुरावा व्होल्कर समितीला मिळाला नाही, पण ती चौकशी अपुरी ठरवली.

तक्त्यातलं नाव कसं वाचावं?

व्होल्कर समितीच्या २७ ऑक्टोबर २००५ च्या अंतिम अहवालाने भारतात वादळ उठलं, कारण तेलाच्या तक्त्यात तत्कालीन परराष्ट्रमंत्री नटवर सिंह आणि काँग्रेस पक्ष ही नावं 'कराराबाहेरचे लाभार्थी' म्हणून होती. तक्त्याचे रकाने वेगळे वेगळे वाचा. लाभार्थी म्हणजे इराकी नोंदींत ज्याच्या नावावर वाटप लिहिलं गेलं तो. करार कुणी केला, हा दुसरा रकाना. या प्रकरणात त्या रकान्यात मेसफील्ड या स्विस कंपनीचं नाव होतं. किती बॅरल ठरले, किती उचलले, अधिभार किती लागला आणि किती भरला, हे पुढचे रकाने. पहिल्या रकान्यात नाव आहे म्हणून शेवटच्या रकान्यातले पैसे त्या माणसाला मिळाले, असं सिद्ध होत नाही. कंपनीच्या करारावर लाच भरली गेली म्हणजे कंपनीला ती माहीत होतीच असं नाही, हे अहवालानेच लिहून ठेवलं आहे.

नटवर सिंह यांना मंत्रिपद सोडावं लागलं. न्यायमूर्ती आर. एस. पाठक यांच्या चौकशीने ऑगस्ट २००६ मध्ये त्यांनी पदाचा गैरवापर केल्याचं म्हटलं, पण वैयक्तिक आर्थिक लाभाचा पुरावा मिळाला नाही.

आजच्या कार्यक्रमासाठी कागद कुठे मिळतील?

मदतीचा निधी कुणी कुणाला दिला ते ओसीएचए या संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी मदत समन्वय कार्यालयाच्या फायनान्शियल ट्रॅकिंग सर्व्हिसवर दिसतं. पुरवठादार आणि दिलेली कंत्राटं युनायटेड नेशन्स ग्लोबल मार्केटप्लेसवर. अंतर्गत लेखापरीक्षण ओआयओएस या संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत देखरेख कार्यालयाच्या संकेतस्थळावर. व्होल्कर समितीने जानेवारी २००५ मध्ये ५८ अंतर्गत अहवाल खुले केले तेव्हा ते पहिल्यांदा लोकांना वाचता आले, आता त्यासाठी घोटाळ्याची वाट पाहावी लागत नाही. बाह्य परीक्षण संयुक्त राष्ट्रांच्या लेखापरीक्षक मंडळाचं असतं. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक १९९३ ते १९९९ आणि २०१४ ते २०२० या काळात त्याचे सदस्य होते. या अहवालांत आधी मागच्या वर्षीच्या शिफारशींची स्थिती दाखवणारं परिशिष्ट उघडा. एकच शिफारस तीन वर्षं 'अंमलबजावणी सुरू' म्हणून पडून असेल, तर तुमच्या कागदावर पहिला बाण तिथून काढा.