इफेक्ट पेडल ऐकायला शिकताना

इफेक्ट पेडल म्हणजे इलेक्ट्रिक गिटार आणि ॲम्प यांच्या मध्ये लावायची, पायाने चालू-बंद करायची, आवाज बदलणारी डबी. पुण्यातील एका जॅम रूममध्ये, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत, मी पहिल्यांदा दोन ओव्हरड्राइव्ह (आवाज किंचित फाडून भरीव करणारी) पेडल शेजारीशेजारी ठेवून वाजवली, तेव्हा अर्ध्या तासात माझा निकाल तयार झाला होता. मित्राकडून उसने आणलेले महाग पेडल माझ्या जुन्या पेडलपेक्षा भरीव, मोकळे आणि जिवंत वाजते, असे मी वहीत लिहून टाकले आणि त्याच उत्साहात दोन पानांचे परीक्षणही लिहिले. पुढच्या आठवड्यात तीच दोन पेडल रेकॉर्ड करून पाहिली, तेव्हा लक्षात आले की त्या दिवशी महाग पेडलचा लेव्हलचा नॉब थोडा वर राहिला होता. दोन्हींची पातळी सारखी केल्यावर फरक उरला खरा. पण तो इतका बारीक होता की डोळे मिटून ऐकताना कोणते पेडल कोणते, हे मला चारपैकी दोनदाच ओळखता आले. नाणे उडवले असते तरी एवढेच यश मिळाले असते. ते परीक्षण मी फाडून टाकले नाही. वहीत तसेच ठेवले आहे.

पेडलची परीक्षणे लिहिण्याच्या या कामात नव्याने येणाऱ्याने सर्वांत आधी हीच गोष्ट समजून घ्यावी. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अतितार हे दोन्ही कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढला की ते पुढे येतात. त्यामुळे एखाद-दोन डेसिबलचा फरक ‘मोठा आवाज’ म्हणून कळत नाही, तो ‘चांगला आवाज’ म्हणून कळतो. पेडल बंद असताना आणि चालू असताना पातळी सारखी ठेवणे ही कंटाळवाणी हमाली आहे, पण ती टाळून लिहिलेल्या परीक्षणात पेडलची परीक्षा होतच नाही, फक्त नॉबची होते. मोबाइलवरचे ध्वनिमापक ॲप फार अचूक नसले, तरी एकाच जागी ठेवून दोन आवाजांची तुलना करण्यापुरते ते पुरते.

दुसरा फसवणारा घटक म्हणजे आपला हात. नवे पेडल लावले की माणूस नकळत जोरात, उल्हासाने वाजवतो आणि जुने लावले की कामापुरते वाजवतो. यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. गिटारच्या लगेच पुढे लूपर (वाजवलेले साठवून पुन्हापुन्हा ऐकवणारे पेडल) लावावा, त्यात एक स्वच्छ तुकडा वाजवून ठेवावा आणि तोच तुकडा फिरत असताना पुढची पेडल बदलून ऐकावीत. माझा ठरलेला तुकडा साधारण ४० सेकंदांचा आहे: आधी एकेक सुटी तार, मग दोन-तीन कॉर्ड, मग एक लांबवलेला सूर तो विझेपर्यंत, आणि शेवटी अगदी हलक्या हाताने वाजवलेली ओळ. पेडलची बरीचशी लक्षणे त्या विझणाऱ्या सुरात कळतात. काही पेडलमध्ये सूर हळूहळू स्वच्छ होत जातो, तर काहींत तो शेवटी खरखरून तुटतो.

फझ पेडलला, म्हणजे आवाज सर्वांत जास्त फाडणाऱ्या पेडलला, मात्र ही युक्ती चालत नाही, आणि हे कळायला मला बराच काळ लागला. १९६६ साली लंडनमध्ये निघालेल्या फझ फेसच्या घराण्यातली पेडल गिटारच्या पिकअपशी (तारांचे कंपन विजेत बदलणाऱ्या भागाशी) थेट जोडलेली असताना वेगळी वागतात, कारण त्यांचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) फार कमी असतो आणि पिकअप हा त्या सर्किटचाच एक भाग बनून जातो. गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की तोच फझ काचेसारखा स्वच्छ होतो. मध्ये लूपर किंवा बफर (पिकअपला पुढच्या सर्किटापासून अलग ठेवणारा भाग) असलेले कोणतेही पेडल आले, की हा संवाद तुटतो आणि आवाज टोकदार, चिरका होतो. मी एका फझला ‘कर्कश’ ठरवून मोकळा झालो होतो. चूक माझ्या मांडणीत होती.

त्याच फझने मला आणखी एक धडा दिला. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमधून होणारी विद्युतगळती तापमानाबरोबर वाढते, हे मी वाचले होते. पण डिसेंबरच्या सकाळी गोड वाजणारे पेडल एप्रिलच्या दुपारी, पत्र्याच्या छताखालच्या खोलीत फाटक्या कापडासारखे वाजू लागले, तेव्हाच ते खरे पटले. तेव्हापासून जर्मेनियमच्या पेडलविषयी लिहिताना मी ऋतू आणि वेळही लिहितो. वाचकाला ते विनोदी वाटत असेल, पण जळगाव-नागपूरकडच्या वाचकाला त्याचा उपयोग आहे.

नवोदिताने पेडल विकत घेण्याआधी घराणी ओळखायला शिकावे, असे मी सुचवेन. बाजारात शेकडो नावे असली, तरी बरीचशी ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ पेडल मोजक्या जुन्या सर्किटांची मुले-नातवंडे आहेत. आयबनेझचा ट्यूब स्क्रीमर १९७० च्या दशकाच्या अखेरीस आला. त्यात ४५५८ ही सिग्नल वाढवणारी चिप (ऑप-ॲम्प) आणि तिच्या फीडबॅकमध्ये बसवलेले, तरंगाचे शिखर छाटणारे डायोड असतात, आणि सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग विकृत होण्याआधीच हलका केलेला असतो. म्हणून त्याचा आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो. प्रोको रॅटमध्ये मुळात एलएम३०८ ही सावकाश चालणारी चिप होती, आणि त्या सावकाशीमुळेच त्याच्या आवाजाचे टोक बोथट होते. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या बिग मफ या फझमध्ये खर्ज आणि तार यांच्या मधला पट्टा खोल गेलेला असतो. बॉसचे डीएस-१ हे १९७८ सालचे पेडल आजही तयार होते आणि जुन्या बाजारात सहज मिळते. ही चार-पाच पेडल कानात पक्की बसली, की नवे पेडल कोणाच्या घरातले आहे आणि त्याने घरापेक्षा वेगळे काय केले, हे सांगता येते. परीक्षणात वाचकाला तेच हवे असते.

ट्यूब स्क्रीमरच्या बाबतीत तर मी स्वतः पूर्ण उलटा प्रवास केला. घरी एकट्याने वाजवताना तो मला पातळ आणि पिचका वाटे. ड्रम आणि बेस गिटारबरोबर वाजवल्यावर कळले की जो खर्ज त्याने काढून टाकला होता, ती जागा मुळात बेसची आणि बेस ड्रमची होती, आणि जो मधला उंचवटा मला खटकत होता, त्याच्याच जोरावर गिटार त्या गोंगाटातून बाहेर येत होती. याच्या उलट, घरी भव्य वाटणारे मधला पट्टा खोल गेलेले डिस्टॉर्शन बँडमध्ये विरघळून जाते. म्हणून कोणत्याही पेडलवर मी बँडच्या किमान एका सरावाशिवाय मत देत नाही. शिवाय पेडल कोणत्या ॲम्पमध्ये वाजवले, हेही लिहावेच लागते. मी वाजवलेल्या बहुतेक सरावाच्या खोल्यांत ट्रान्झिस्टरचे ॲम्प होते. परदेशातील परीक्षक मात्र अनेकदा व्हॉल्व्हचा ॲम्प आधीच थोडा फुटू लागला असताना त्यात ओव्हरड्राइव्ह सोडतो. दोन्ही निरीक्षणे खरी असतात, पण ती दोन वेगळ्या वस्तूंविषयीची असतात.

आता शब्दांविषयी. इंग्रजी परीक्षणांत लोण्यापासून वितळलेल्या चॉकलेटपर्यंत सगळा फराळ येतो, आणि सुरुवातीला मीही तो तसाच मराठीत वाढत होतो. मग एका मैफलीनंतर तंबोरा जुळवणाऱ्या गृहस्थांशी जवारीवर बोलणे झाले आणि माझी सोय झाली. तंबोऱ्याच्या घोडीच्या पृष्ठभागावर तार किंचित घासत राहिली की सुरात वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत उमटणारे त्याहून उंच सूर) उमलतात; हीच जवारी. तारेखालचा दोरा केसभर सरकवला की जवारी उघडते किंवा मिटते. मिरजेचे कारागीर हे पिढ्यान्‌पिढ्या कानाने करत आले आहेत. ओव्हरड्राइव्हमध्ये तरंगाचे शिखर छाटले जाते, त्यामुळे यंत्रणा वेगळी आहे. पण मूळ सुरावर वरच्या स्वरांशांची भर पडते, हे दोन्हीकडे सारखे आहे. म्हणून ‘या पेडलची जवारी उघडी आहे’ असे लिहिले, की संगीत ऐकणाऱ्या मराठी वाचकाला नेमके कळते. दाणेदार, घोगरा, भसाडा, ठसठशीत, कोरडा, ओलसर हे शब्द आपल्याकडे आयते आहेत. फक्त प्रत्येक विशेषणामागे एक निरीक्षण असावे. ‘दाणेदार’ लिहिले, तर कोणत्या नॉबवर, कोणत्या पिकअपवर आणि मंद्र तारांवर की तार सप्तकात, हे पुढच्या वाक्यात आले पाहिजे.

विजेचे प्रकरण नीरस आहे, पण माझे सर्वाधिक पैसे त्यातच गेले. बहुतेक पेडल ९ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्या पिनचा मध्य ऋण असतो. घरातील इतर उपकरणांच्या अडॅप्टरचा मध्य बहुधा धन असतो. मी घाईत राउटरचा अडॅप्टर लावला आणि परीक्षणासाठी आणलेले, दुसऱ्याच्या मालकीचे पेडल मुके झाले. सुदैवाने आतला संरक्षक डायोडच जळला होता; पुण्याच्या तापकीर गल्लीत तो चहाच्या किमतीपेक्षा स्वस्तात मिळाला आणि डाग मी स्वतः दिला. पण मालकाला ते सांगताना जी मान खाली गेली, ती अजून आठवते. काही जुन्या पद्धतीच्या जर्मेनियम फझमध्ये धन बाजू जमिनीला जोडलेली असते. अशी पेडल इतरांबरोबर एकाच अडॅप्टरच्या साखळीवर लावू नयेत. साधे ओव्हरड्राइव्ह काही मिलिअँपिअरवर भागवते, तर डिजिटल डिले किंवा रिव्हर्बला (प्रतिध्वनी आणि घुमारा देणाऱ्या पेडलना) शंभर-तीनशे लागू शकतात. पुरवठा अपुरा पडला की पेडल कुरकुर करते आणि दोष पेडलवर येतो.

गुरगुरीचेही असेच आहे. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, सिंगल कॉइल पिकअप ती हवेतूनही उचलतात, आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर त्यावर आपली खरखर चढवतात. अर्थिंग नीट नसलेल्या घरात तारांवर हात ठेवला की गुरगुर कमी होते आणि काढला की परत येते. एखादे पेडल ‘आवाज करते’ असे लिहिण्यापूर्वी पंखा बंद करून, बॅटरीवर, शक्य असल्यास दुसऱ्या इमारतीत वाजवून पाहावे. माझ्या वहीतील सातपैकी पाच ‘गोंगाटी’ पेडल अशा चाचणीत निर्दोष सुटली.

बेसच्या पेडलविषयी मी सावधपणे लिहितो, कारण मी मूळचा गिटारवाला आहे आणि माझी सर्वांत लाजिरवाणी चूक याच बाबतीत झाली. गिटारसाठी उत्तम ठरलेले एक ओव्हरड्राइव्ह मी आमच्या बेसवाल्याला आग्रहाने लावायला दिले आणि छोट्या सरावाच्या ॲम्पवर ते मला झकास वाटले. पहिल्या कार्यक्रमाच्या साउंडचेकला तो वैतागून म्हणाला, “अरे, तुझ्या पेडलने माझा पायाच काढून घेतलाय!” त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झच्या आसपास असते, बेसची त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ४१, आणि पाच तारांच्या बेसची तर ३१ हर्ट्झवर. गिटारचे पेडल जो खर्ज छाटून टाकते, तिथेच बेसचा संसार असतो. आठ इंची स्पीकरमधून तो खर्ज तसाही नीट येत नाही. आपल्याला वरचे स्वरांश ऐकू येतात आणि मेंदू खालचा सूर भरून काढतो, त्यामुळे मला काही उणे जाणवले नव्हते. म्हणूनच बेसच्या अनेक पेडलवर स्वच्छ आवाज मिसळण्याचा ब्लेंड नॉब असतो, आणि तपासताना मी आधी तोच पाहतो. मिसळल्यावर दोन आवाज एकजीव होतात, की खाली एक बेस आणि वर एक माशी अशी दोन वाद्ये ऐकू येतात, हा पहिला प्रश्न. बेसचे पेडल मोबाइलच्या स्पीकरवरून ऐकून मत देणाऱ्याशी मी आता वाद घालत नाही.

पैशांचे स्पष्ट सांगायचे, तर केवळ परीक्षणांवर माझे घर चालत नाही. गिटारच्या शिकवण्या आणि अधूनमधून मिळणारे रेकॉर्डिंगचे काम यांवर ते चालते. सुरुवातीला विकत घेण्याची घाई करू नये. मी विद्यार्थिदशेत मुंबईतील धोबी तलावच्या फुर्टाडोस या वाद्यांच्या दुकानात तासन्‌तास उभा राहिलो आहे, मित्रांची पेडल आठवडाभरासाठी उसनी घेतली आहेत आणि जुनी घेऊन, लिहून, जवळपास त्याच किमतीला विकली आहेत. एक पेडल मात्र हाताने बनवावेच: दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर सुटे भाग यांत फझ तयार होतो, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातील एका फेरीत सामान जमते. मुंबईच्या ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशनसारखे देशी निर्माते आता आपल्याकडे आहेत. अशांच्या कामाविषयी लिहिताना आतली मांडणी वाचता येत असेल, तर प्रश्न विचारायला तोंड राहते. निर्मात्याने पेडल फुकट दिले असेल, तर ते परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदात लिहावे, आणि प्रसिद्ध होण्याआधी मजकूर दाखवण्याची अट कोणी घातली, तर पेडल परत करावे. माझी दोन कामे यामुळे गेली आहेत.

मी आता कोणतेही पेडल किमान तीन आठवडे ठेवतो. पहिल्या दिवसाचे मत वहीच्या डाव्या पानावर लिहितो आणि शेवटच्या दिवसाचे उजव्या पानावर, डावे पान झाकून. दोन्ही जिथे जुळत नाहीत, तिथून परीक्षण लिहायला घेतो. पेडल परत करताना नॉब कुठे होते याचा फोटो काढून ठेवतो, आणि इनपुटमधली केबल व आतली बॅटरी आठवणीने काढतो. कारण बहुतेक पेडलमध्ये इनपुटला केबल लावली की वीज सुरू होते, मग स्विच बंद असला तरी बॅटरी रात्रभर झिजत राहते.