एसयूव्हीत झोपायची सोय करताना या चुका टाळा

जळगावहून जेवण करून निघायचं आणि सकाळी पुण्यात उतरायचं, नाहीतर चैत्रात नंदुरबारहून अख्खं घर घेऊन सप्तशृंगी गडावर. सात सीटची गाडी, डिकीत डबे, गोधड्या, पाण्याची कॅन. अशा प्रवासात अंग आंबतं त्याला सीटपेक्षा सीटची मांडणी जास्त कारणीभूत असते. चालत्या गाडीतली झोप वेगळी आणि गाडी उभी करून घेतलेली झोप वेगळी. दोन्हींसाठी एकच बिछाना घातला की बाकीच्या चुका त्यातूनच होत जातात.

चालत्या गाडीत आडवं होणं

मागच्या सीट पाडून, गादी टाकून पोरांना झोपवणं ही सगळ्यात सर्रास होणारी आणि सगळ्यात घातक चूक. लळिंगच्या उतारावर ट्रक अचानक आडवा आला आणि चालकाने करकचून ब्रेक मारला, तर झोपलेलं मूल सरळ पुढच्या सीटच्या पाठीवर आपटतं, कारण त्याला धरून ठेवणारं काहीच नसतं. मागच्या पुढे तोंड असलेल्या सीटवरही बेल्ट सक्तीचा आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार बेल्ट नसेल तर १,००० रुपये दंड आहे. चालत्या गाडीत झोपायचं ते बसून, टेकून आणि बेल्ट लावून.

पाठ किती मागे घ्यायची, हे बेल्टवरून ठरवा. वरचा पट्टा खांद्याला आणि छातीला टेकलेला हवा, खालचा पट्टा ओटीपोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा. पट्टा छातीपासून सुटून मधे फट पडत असेल तर पाठ जास्त मागे गेली आहे. अशा वेळी धडक बसली की शरीर पट्ट्याखालून पुढे सरकतं, पट्टा पोटात रुततो आणि आतले अवयव दुखावतात. दोन खाचा पुढे या, तेवढ्याने झोप बिघडत नाही.

पाठ सरळ ठेवली की मान पुढे पडते, ही तक्रार खरी आहे. हेडरेस्टचं वरचं टोक डोक्याच्या माथ्याइतकं वर घ्या. बहुतेकांचं ते मानेपाशीच राहिलेलं असतं. यू आकाराची उशी उलटी घाला: जाड भाग हनुवटीखाली, उघडी बाजू मागे. जाड भाग मानेमागे ठेवला तर डोकं पुढे ढकललं जातं आणि तासाभरात मान धरते. कमरेच्या पोकळीत टॉवेलची तीनेक इंच जाडीची गुंडाळी ठेवा.

पुढच्या डाव्या सीटवरच्या माणसाने डॅशबोर्डवर पाय टाकून झोपू नये. एअरबॅग तिथूनच उघडते आणि गुडघा चेहऱ्यावर येतो. खरं तर रात्री त्या सीटवर जागणारं माणूसच बसवावं. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल, म्हणजे सीटच्या कडेला तसा टॅग शिवलेला असेल, तर बंद कडांचे जाड कव्हर घालू नका. एअरबॅग त्यात अडकते.

तिसऱ्या रांगेत कोण?

तिसऱ्या रांगेत पायाखालची जागा उंच असते. गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार माकडहाडावर येतो. त्यात ही रांग मागच्या चाकांवर असल्याने खड्ड्याचा दणका तिलाच जास्त. गुडघेदुखीच्या आजींना 'मागे निवांत झोपा' म्हणून तिथे बसवू नका. त्यांची जागा दुसऱ्या रांगेत खिडकीशी. मागे कमी उंचीची माणसं बसवा, सीटच्या पुढच्या कडेवर मांड्यांखाली दोन इंच जाडीची घडी ठेवा, आणि दुसऱ्या रांगेची सीट सरकणारी असेल तर ती दोन-तीन खाचा पुढे घ्या.

बोलेरो आणि जुन्या स्कॉर्पिओतल्या समोरासमोरच्या आडव्या बाकड्यांवर झोप नकोच. ब्रेक लागला की शरीर कडेला फेकलं जातं. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना तिथेच उलट्याही जास्त होतात, कारण कानाला वळण कळत असतं आणि डोळ्यांसमोर मात्र समोरच्याचं स्थिर तोंड असतं. ज्याला गाडी लागते त्याला रस्ता दिसेल अशी जागा द्या.

मागे गरम होतंय अशी ओरड आली की आधी छतावरचे व्हेंट आणि मागच्या ब्लोअरचा स्विच पाहा. तो बंद राहिलेला असतो किंवा व्हेंटसमोर बॅग ठेवलेली असते. बॅगा सीटच्या पाठीच्या उंचीच्या वर रचू नका. जड सामान खाली, पाठीला चिकटवून ठेवा.

उभ्या गाडीतला बिछाना

आधी टेप घ्या. डिकीच्या दारापासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंतची लांबी आणि मागच्या चाकांच्या फुगवट्यांमधली रुंदी मोजा. गादी या दुसऱ्या मापाने घ्यायची. रुंद गादी फुगवट्यांवर चढते आणि मधे खड्डा पडतो. दोन ते तीन इंचांचा घट्ट फोम पुरतो, मऊ फोम दबून खालचे बिजागर टोचतात.

सीट पाडण्याआधी बेल्टची बकलं वर काढून ठेवा, नाहीतर ती सीटखाली दबतात. मग हेडरेस्ट काढा. दोन दांड्यांपैकी एकीच्या मुळाशी बटण असतं, ते दाबून सरळ वर ओढा. काढलेली हेडरेस्ट हरवत नाहीत, पण सकाळी परत बसवायची राहतात. म्हणून ती चालकाच्या सीटवरच ठेवा. पाडलेल्या दोन रांगांमधली फट गोधडीच्या गुंडाळीने भरा, मगच वर गादी. झोपण्याआधी अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून पाहा. ती ज्या बाजूला घरंगळेल तिकडे पाय करा.

हवेची गादी दुपारी गच्च फुगवून गाडीत ठेवू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळात पारा ४४-४५ अंशांवर जातो, बंद गाडीत त्याहून बराच वर. हवा प्रसरण पावून शिवण उसवते. गादी रात्री फुगवा आणि थोडी सैल ठेवा.

इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून एसीत झोपणं जिवावर बेततं. सायलेन्सरच्या पाइपला कुठे गळती असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला ना वास, ना रंग. डिझेल गाडीत तो कमी असतो, पण असतो. इंजिन चालू असताना डिकीचं दार उघडं ठेवलं तरी धूर आत ओढला जातो. इंजिन बंद करा, समोरासमोरच्या काचा दोन-दोन बोटं खाली घ्या, दारांना जाळीचे मोजे (डास अडवणारी जाळीची कव्हरं) चढवा आणि पॉवर बँकेवर छोटा पंखा लावा. हिवाळ्यातही ही फट हवी, नाहीतर श्वासाच्या वाफेने काचा आणि पांघरुणं ओली होतात. एवढं करूनही उन्हाळ्यात सपाटीवर गाडीत झोप लागत नाही. तिथे खोली घ्या. तोरणमाळला, हजार मीटरच्या वर, हाच बिछाना छान लागतो.

मागच्या दारांचं चाइल्ड लॉक काढलं आहे ना, ते पाहा. डिकीचं दार बहुतेक गाड्यांत आतून उघडत नाही, त्यामुळे हे लॉक राहिलं तर मागचे कोंडले जातात. बाहेरून रिमोटने लॉक करू नका, आतल्या बटणाने करा. नाहीतर रात्री कुणी दार उघडलं की सायरन वाजतो. गाडी हायवेच्या कडेला उभी करू नका. उजेड आणि वर्दळ असलेला पेट्रोल पंप बघा.

सीट परत बसत नसेल तर

पाठ उभी केल्यावर 'खट्' आवाज यायला हवा. मग वरचं टोक धरून पुढे-मागे जोरात हलवा. काही गाड्यांत लॉकपाशी लाल खूण असते, ती दिसत असेल तर लॅच बसलेला नाही. बहुतेकदा मधे बेल्टचा पट्टा किंवा गोधडीचं टोक अडकलेलं असतं.

सीट सरकताना अडत असेल तर खालच्या रेलमध्ये टॉर्च मारा. शेंगदाणे, केळीच्या वेफर्सचा चुरा, नाणी आणि वर काळ्या मातीचा थर दिसेल. सीट पूर्ण पुढे घेऊन मागून, मग पूर्ण मागे घेऊन पुढून व्हॅक्युम मारा, जुन्या टूथब्रशने खाचा घासा. ग्रीस लावू नका. काळी माती तिला चिकटून लगदा होतो आणि पंधरवड्यात सीट पुन्हा अडते. सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा पुरतो. एवढं करूनही एका बाजूची खाच धरत नसेल, म्हणजे ब्रेकला सीट तिरकी हलत असेल, तर त्या सीटवर कुणालाही न बसवता गाडी मेकॅनिककडे न्या.