शनिवारी विहीर, रविवारी गड: गावाकडच्या दोन दिवसांची आखणी

सोयाबीन निघालं, कापसाचा पहिला वेचा घरात आला, दिवाळी आटोपली की शहरातली दोस्तमंडळी विदर्भातल्या गावाची वाट धरतात. हेच दिवस चांगले. विहिरी भरलेल्या असतात, डोंगर पुरते वाळलेले नसतात आणि ऊन सोसवतं. दोन दिवसांत पोहणं, गड, रोडगे (गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे), पाखरं, तारे सगळं बसतं, फक्त क्रम चुकवू नका. बरेच जण पहिल्या दिवशी जोशात डोंगर चढतात आणि दुसऱ्या दिवशी विहिरीत उतरतात. चढून-उतरून थकलेल्या पोटऱ्यांना पाण्यात गोळा येतो, आणि विहिरीत पाय टेकायला जागा नसते. उलट पोहून भरलेले खांदे चालण्याच्या आड येत नाहीत. म्हणून शनिवार पाण्याचा, रविवार डोंगराचा. पुढचा हिशेब ८ जणांचा आहे. जमलं तर अमावास्येजवळचा शनिवार धरा, रात्री त्याचा फायदा होईल.

विहीर निवडणं

रोज पाणी उपसलं जाणारी, बांधीव, पायऱ्या असलेली विहीर घ्या. पडीक, झाडोऱ्यानं झाकलेली विहीर कितीही निळीशार दिसली तरी नको. तिच्यात हवा कोंडलेली असते आणि काठ कधी ढासळेल सांगता येत नाही. मालकाला आदल्या दिवशीच विचारा.

मग खोली मोजा. ५० फुटी दोराला वीट बांधून तळापर्यंत सोडा आणि वर ओढून जेवढा दोर ओला झाला तेवढा हातानं मापा. हे चारही बाजूंना करा, एका जागी मोजून भागत नाही. आपल्याकडच्या विहिरी सुरुंग लावून खोदलेल्या असतात. मधे ३० फूट पाणी आणि कडेला ४ फुटांवर खडकाचा टप्पा, असं सर्रास असतं. १० फुटांपेक्षा कमी पाणी असेल तिथे उडी नाही, फक्त पायऱ्यांनी उतरायचं. आणि विहिरीत सूर कधीच मारायचा नाही. पाइप, फूटव्हॉल्व्ह, तुटलेली साखळी पाण्याखाली कुठे आहे ते वरून दिसत नाही. उडी पाय खाली ठेवूनच.

आता मोटर. सगळ्यात मोठा धोका तिचाच, आणि नेमका तोच विसरला जातो. शेतीची थ्री फेज लाइन पाळीपाळीनं येते, म्हणून बहुतेकांनी स्टार्टरला ऑटो स्विच बसवलेला असतो. लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते. केबलला एखादी जागा सोललेली असेल तर पाण्यात करंट उतरतो. ‘सध्या लाइन नाही’ या भरवशावर कोणालाही पाण्यात सोडू नका. ऑटो बंद करा, मेन स्विच खाली करा, तिन्ही फ्यूजच्या ग्रिपा काढून मालकाच्या नाहीतर काठावर बसणाऱ्याच्या खिशात ठेवा. शेवटचा माणूस बाहेर आला की मगच परत लावायच्या.

वेळ ११ ते २ ची. त्याआधी नि त्यानंतर ऊन फक्त काठावर असतं, पाण्यावर पडत नाही. सावलीतल्या विहिरीत १५ मिनिटांत ओठ निळे पडतात. नाश्ता हलका ठेवा, आलूबोंडे पोहून झाल्यावर. दारू घेतलेला माणूस काठावरसुद्धा नको.

डबा कुठे बांधायचा

पोहायला शिकणाऱ्याला तरंगायला पूर्वी वाळलेला भोपळा असायचा, आता तेलाचा ५ लिटरचा रिकामा प्लास्टिक डबा. झाकण घट्ट लावून, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून रात्रभर पाण्यात उलटा दाबून ठेवा. आत थेंब गेला तर तो डबा बाद. हवा भरलेला ५ लिटरचा डबा साधारण ५ किलो वजन उचलून धरतो. पाण्यात माणसाचं डोकं वर राहायला तेवढं बहुतेक वेळा पुरतं, पण शिकाऊ माणूस घाबरून धडपडतो, म्हणून दोन डबे.

डबे पाठीवर, खांद्याच्या पात्यांमध्ये यायला हवेत. कमरेला बांधले की कंबर वर येते आणि तोंड पाण्यात जातं. सगळे दम कोंडल्याची तक्रार करतात ती इथेच. बांधायला लुगड्याचा धडपा घ्या. नायलॉनची दोरी काखेत कापते आणि ओली झाली की सरकते. धडपा दोन्ही खांद्यांवरून घेऊन छातीवर गाठ मारा, गाठीत एक बोट जाईल एवढीच ढील.

नवख्याला आधी पायरीवर बसवून पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला लावा, २० वेळा. मग पायरी धरून पाय मारणं. डब्यासह सुटणं तिसरं. एका दुपारी कोणी पोहणारा होत नाही. उताणं पडून दोन मिनिटं शांत तरंगता आलं तर दिवस सार्थकी लागला समजा. हात मारण्याची घाई करणाराच आधी दमतो.

एक जण कोरडा, काठावर. त्यानं मोबाईल बघायचा नाही, फोटोही काढायचे नाहीत, नुसती डोकी मोजायची. पाण्यात हवा भरलेली ट्रकची ट्यूब सोडून ठेवा (तिच्या नळीवर कापड गुंडाळा, नाहीतर छाती सोलते). झाडाला दोर बांधून दुसरं टोक पाण्यात, आणि चार कोपऱ्यांना दोर लावलेली एक बाज काठावर. दमलेल्या माणसाला पायऱ्या चढता आल्या नाहीत तर बाजेवर घेऊन चौघं ओढतात. बुडणाऱ्याकडे ट्यूब फेका, दोर फेका, स्वतः झेप घेऊ नका. तो मिठी मारून दोघांनाही खाली नेतो.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबत किंवा उलटा टांगत बसू नका. उताणा झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडानं आधी ५ श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० दाब, २ इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगानं, नंतर २ श्वास, परत ३० दाब. दुसऱ्यानं तोवर १०८ लावायचा.

प्लास्टिकचं अस्तर असलेल्या शेततळ्यात अजिबात उतरू नका. पाणी उथळ दिसतं, पण उतारावरचं प्लास्टिक शेवाळानं इतकं गुळगुळीत होतं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातले) तलाव पोहण्यापेक्षा पाखरांसाठी बरे. शिंगाड्याचे वेल पायाला गुरफटतात आणि ढिवरांची (मासेमारांची) जाळी लावलेली असतात.

संध्याकाळी रोडगे

२ किलो जाडसर दळलेली कणीक, पाव किलो तेल, ओवा, मीठ. यात २४ रोडगे होतात. वरणाला ७०० ग्रॅम तुरीची डाळ, भाजीला २ किलो वांगी, वरून अर्धा किलो तूप. भाजीत सांबार भरपूर. सांबार म्हणजे कोथिंबीर हे पुण्याच्या पाहुण्याला आधीच सांगा, नाहीतर तो इडली शोधत बसेल.

कणीक पुरीपेक्षा घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. तळहाताएवढ्या तीन पुऱ्या लाटा, प्रत्येकीला तेल आणि कोरडं पीठ लावून एकीवर एक ठेवा, कडा वर घेऊन गोळा वळा आणि चौथ्या मोठ्या पुरीत बंद करा. शिवण नीट दाबा, उघडी राहिली तर राख आत जाते.

४०-५० वाळलेल्या गोवऱ्या उथळ खड्ड्यात रचून पेटवा आणि तासभर हात लावू नका. जाळ असताना रोडगे टाकले की वरून कोळसा, आत पीठ. धूर थांबला आणि विस्तवावर पांढरी राख धरली की रोडगे ठेवायचे. १० मिनिटांनी उलटायचे, मग गरम राखेत पुरून अर्धा तास सोडायचे. तुराटीची बारीक काडी खुपसून पाहा, कोरडी निघाली तर झाले. फडक्यानं झटकून, हातानं फोडून तुपात बुडवा. खड्डा पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) ढिगापासून दूर हवा. शेवटी दोनदा पाणी टाकून राख उलथा.

जेवल्यावर विस्तवाकडे पाठ करून २० मिनिटं अंधारात बसा, तेवढ्यात डोळे सरावतात. पूर्वेकडे कृत्तिकांचा घोस आधीच वर आलेला असतो, मृग नंतर डोकं काढतो. फिरताना टॉर्च, झोपताना बाज आणि मच्छरदाणी. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते, बऱ्याचदा कळतही नाही. कोणत्याही सर्पदंशाला आवळून बांधणं, कापणं, चोखणं नाही. हात-पाय हलू न देता थेट ग्रामीण रुग्णालय.

रविवारी गड

पहिल्यांदा येणाऱ्यांना गाविलगड सोपा. चिखलदऱ्याच्या पठाराकडून फारसा चढ लागत नाही. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी तो घेतला तेव्हा तटाला खिंडार पाडणाऱ्या तोफाही उत्तरेच्याच बाजूनं लावल्या होत्या, दक्षिणेचा कडा पाहिला की कारण कळतं. पाय घट्ट असतील तर अकोटच्या वरचा नरनाळा, शहानूरच्या नाक्यावरून. दोन्हीकडे वनखात्याची नोंद, वेळ आणि नियम पाळायचे. हे मेळघाटचं, वाघाचं जंगल आहे. आडवाटेनं किंवा अंधारात फिरू नये.

वेळेचा हिशेब सोपा आहे: ताशी ३ किलोमीटर आणि प्रत्येक १०० मीटर चढाला १० मिनिटं जास्त. सगळ्यात हळू चालणारा पुढे. परत फिरायची वेळ निघतानाच ठरवा, आणि ती झाली की माथा दिसत असला तरी फिरा.

माणशी ३ लिटर पाणी. त्यातल्या एका लिटरात साखर ६ सपाट छोटे चमचे आणि मीठ अर्धा चमचा. पँट गुळगुळीत नायलॉनची. सुती मोज्यात कुसळं घुसतात आणि उतरताना दर पावलाला टोचतात. तपकिरी लव असलेल्या खाजकुयलीच्या शेंगांना हात लागला तर चोळू नका, पाणीही आधी लावू नका. चिकटपट्टी लावून ओढा, लव निघून येते. कड्याखाली आग्यामोहोळ असेल तर अत्तर, सिगारेट, आरडाओरडा बंद. उठलंच तर तोंड झाकून सरळ पळत सुटा, हात झाडत उभं राहू नका. नांगी चिमटीत न धरता नखानं खरवडून काढा.

घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि काख, जांघ, पोटाचा पट्टा साबणानं घासा. गवतातले बारीक किडे तिथेच चावतात. पुढच्या तीन आठवड्यांत अंग मोडून ताप आला, कुठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना ‘गवतात फिरलो होतो’ हे आधी सांगा. या किड्यांमुळे होणाऱ्या स्क्रब टायफस तापावर डॉक्सीसायक्लिन हे औषध चांगलं चालतं, पण ते वेळेवर सुरू व्हावं लागतं.