एजंटच्या हाती टूल देण्याआधी

कोड लिहून झाला, टेस्ट पास झाल्या, आता वर्णनाची एक ओळ टाकली की टूल एजंटला, म्हणजे असे छोटे प्रोग्राम स्वतः चालवून कामं करणाऱ्या एआयला, जोडून मोकळं व्हायचं, असा आपला हिशोब असतो. त्या ओळीपाशी जरा थांबा. डॉक्युमेंटेशन अर्धवट असलं तरी माणसाचं भागतं: तो शेजारी विचारतो, जुना कोड चाळतो. एजंटला बहुतेक वेळा टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा (कुठली मूल्यं कशा रूपात द्यायची याचा आराखडा) एवढंच दिसतं. मजकूर जिथे गप्प बसतो तिथे तो अंदाज बांधतो आणि विचारायला न थांबता पुढे जातो.

आधी नावं बघा. एकाच यादीत 'सर्च' आणि 'फाइंड' अशी दोन टूल्स असतील तर कुठलं कशासाठी, हे तुमच्या टीममध्येही सगळ्यांना सांगता येणार नाही. नावातच वस्तू येऊ द्या: ग्राहक शोधा, ऑर्डर शोधा. मग वर्णन. टूल काय करतं हे सगळेच लिहितात; ते कधी वापरू नये हे लिहायचं राहून जातं. 'हे फक्त शीर्षकात शोधतं, आतला मजकूर शोधायचा असेल तर अमुक टूल घ्या' या एका वाक्याने बऱ्याच चुकीच्या वाटा टळतात. टूल चालवल्यावर कुणाला मेल जाणार असेल, तर तेही इथेच सांगा.

खरा वेळ पॅरामीटरवर घालवा. ०३/०४/२०२५ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? आयएसओ ८६०१ या तारखांच्या मानकाप्रमाणे २०२५-०४-०३ असं हवं म्हणून लिहा, उदाहरण द्या, टाइमझोन कुठला धरला आहे ते सांगा. टाइमआउट ३० म्हणजे सेकंद की मिलिसेकंद? एकक थेट पॅरामीटरच्या नावातच घाला. ठरावीकच पर्याय चालत असतील तर मोकळी स्ट्रिंग ठेवू नका, स्कीमात एनम, म्हणजे चालणाऱ्या पर्यायांची यादी, द्या. 'युजर' म्हणजे नाव, ईमेल की आयडी? आयडी असेल तर तो कुठल्या टूलमधून मिळतो तेही लिहा, नाहीतर एजंट खऱ्यासारखा दिसणारा आयडी स्वतःच रचून पाठवतो. अपडेट करणाऱ्या टूलमध्ये आणखी एक खड्डा असतो: फील्ड पाठवलंच नाही तर जुनं मूल्य राहतं, पण रिकामं पाठवलं तर पुसलं जातं का? हे लिहिलेलं मला क्वचितच सापडतं.

मी स्वतः 'लिमिट: किती नोंदी हव्यात' एवढंच लिहून सोडलं होतं. कमाल १०० ही मर्यादा लिहिली नव्हती. एजंटने १००० मागितल्या, सर्व्हरने निमूटपणे १०० दिल्या, आणि एकूण नोंदी शंभरच आहेत असं उत्तर तयार झालं. तेव्हापासून 'अजून नोंदी आहेत, पुढचं पान असं मागा' हे मी आउटपुटमध्येच छापतो.

एररचे संदेशही डॉक्युमेंटेशनच धरा. 'अवैध इनपुट' वाचून एजंट करणार काय? काय आलं, काय हवं होतं आणि आता काय करायचं, तिन्ही सांगा. सर्व्हरकडून ४२९ (फार विनंत्या झाल्या) हा एरर कोड आला तर थांबून पुन्हा प्रयत्न करा. ४०३ (मनाई) आला तर तीच विनंती परत परत पाठवून उपयोग नाही, परवानगी लागेल. टाइमआउट झाला तरी काम झालेलं असू शकतं का, आणि तेच पुन्हा पाठवलं तर दुसऱ्यांदा होईल का, हेही लिहा. कमांड लाइनचं टूल असेल तर काम फसूनही एक्झिट कोड शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', असा येत नाही ना, आणि मध्येच 'हो की नाही' विचारून ते अडून बसत नाही ना, एवढं बघून घ्या.

काही पुसणारी, पाठवणारी टूल्स वेगळी ओळखू येऊ द्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये (एआयला टूल्स जोडायच्या मानकात) टूल फक्त वाचणारं आहे की मोडतोड करणारं, हे सांगायच्या खुणा पुढे आल्या. पण त्या नुसत्या सूचना आहेत. 'जपून वापरा' लिहिल्याने कुलूप लागत नाही. ते परवानग्यांच्या पातळीवरच लावावं लागतं.

हे सगळं आटोपशीर बसवा. जोडलेल्या टूल्सची वर्णनं सहसा दर वेळी कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेलला वाचायला दिलेल्या मजकुरात, जातात, त्यामुळे अख्खं मॅन्युअल चिकटवू नका.

शेवटी कोऱ्या सेशनमध्ये दहाएक कामं देऊन बघा, वापरणारा सांगेल त्या शब्दांत, टूलचं नाव न घेता. उत्तर बरोबर आलं तरी लॉग वाचा: कुठलं टूल उचललं, कुठली मूल्यं पाठवली. एजंट जिथे घसरला तिथला मजकूर बदला. हीच कामं जपून ठेवा आणि टूल बदललं की पुन्हा चालवा. एखादं टूल काढून टाकलंत, तर इतर टूल्सच्या वर्णनांतूनही त्याचं नाव खोडा. नाहीतर एजंट नसलेल्या टूलला हाका मारत बसतो.