रीफ टँकमधला लाइव्ह रॉक: निवडताना आणि रचताना या चुका टाळा

रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी, मागवलेल्या लाइव्ह रॉकची पेटी उघडली आणि सडक्या अंड्यांचा भपकारा आला, तर तो दगड त्या दिवशी टँकमध्ये जाता कामा नये. मासे आधीपासून असतील तर मुळीच नाही.

लाइव्ह रॉक म्हणजे जुन्या प्रवाळांचा सांगाडा, पण त्याच्या छिद्राछिद्रांत जीव नांदत असतात. पृष्ठभागावरचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. आत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले जीवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. प्रवासात यातले पुष्कळ जीव मरतात आणि जे पाणी शुद्ध करायला दगड आणला, तेच पाणी तो अमोनियाने भरून टाकतो. म्हणून आधी क्युअरिंग, म्हणजे दगड वेगळा ठेवून त्यातलं मेलेलं सगळं निघून जाऊ देणं. वेगळ्या टबात ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) खारं पाणी, हीटर, जोरदार पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप), आणि दिवा बंद. पांढुरकं, बुळबुळीत झालेलं सगळं जुन्या टूथब्रशने घासून काढायचं, तेही खाऱ्या पाण्यातच. नळाखाली धरलात तर उरलेले जीवही मरतील. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन काही दिवस तिथेच राहिले की दगड तयार झाला. याला कित्येक आठवडे लागू शकतात, लागू द्या.

किडे मारण्यासाठी दगड उकळणं ही सगळ्यात धोकादायक चूक. दगडावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ हे प्रवाळांच्या नात्यातले जीव असतील तर त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेबरोबर घरभर पसरू शकतं, आणि अशा वाफेने अख्खी कुटुंबं रुग्णालयात दाखल झाली आहेत. उकळणं नाही, गरम पाणी ओतणं नाही. कीड नकोच असेल तर सरळ ड्राय रॉक, म्हणजे जीव नसलेला कोरडा दगड, घ्या. त्यावर जीवाणू बसायला वेळ लागतो आणि काही दगडांतून फॉस्फेट पाझरतं, पण एप्टेशिया नावाचं उपद्रवी ॲनिमोन (समुद्रफूल) फुकटात घरी येत नाही.

निवडताना किलोंचा हिशेब फारसा कामाचा नाही. दगड हातात घ्या. आकाराच्या मानाने हलका वाटला तर सच्छिद्र आहे, तोच घ्या. घट्ट, जड दगड जागा अडवतो आणि जीवाणूंना घर कमी देतो.

रचनेत बहुतेकजण मागच्या काचेला टेकवून भिंत उभी करतात. माझ्या पहिल्या टँकमध्ये मीही तेच केलं होतं. समोरून देखणं दिसायचं, पण पाणी कितीही बदललं तरी नायट्रेट उतरेना. शेवटी भिंत मोडली, तेव्हा मागे बोटभर काळा गाळ साचलेला सापडला. तिथे प्रवाह पोचतच नव्हता. तेव्हापासून मी दोन वेगळ्या राशी करतो, मधून पाणी खेळतं ठेवतो आणि चारही काचांपासून निदान ५ सेंटीमीटर अंतर सोडतो, म्हणजे काच पुसायचा चुंबक फिरतो. वरच्या बाजूला सपाट कट्टे हवेत, नाहीतर प्रवाळ बसवायचे कुठे?

दगड वाळूवर ठेवू नका. आधी तळाच्या काचेवर दगड, मग भोवती वाळू. गोबी मासे आणि पिस्टल श्रिंप ही कोळंबी खालून बिळं खणतात आणि वाळूवर उभा केलेला दगड एक दिवस काचेवर कोसळतो. रचून झाल्यावर वरचा दगड हाताने हलवून पाहा. किंचितही डुगडुगला तर एपॉक्सी पुटी किंवा आतून ॲक्रिलिकची कांडी घालून पक्का करा.

एप्टेशिया दिसलं की लोक नखाने खरवडतात. तपकिरी, अर्धपारदर्शक, माडाच्या झाडासारखं दिसणारं ते इवलंसं ॲनिमोन तुकड्यातूनही पुन्हा वाढतं. एकाचे दहा होतात. त्याच्या तोंडावर घट्ट कालवलेल्या काल्कवासरचा (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) थेंब सिरिंजने सोडा. ब्रिसल वर्म या केसाळ किड्यांना मात्र घाबरू नका. उरलंसुरलं खाऊन ते टँक साफच ठेवतात, फक्त उघड्या हाताने धरू नका, केस टोचतात.

नव्या दगडावर पहिल्या आठवड्यांत डायॅटम या सूक्ष्म शेवाळाची तपकिरी साय चढली तरी दगड उपसून धुवायला काढू नका. ती बहुधा आपोआप ओसरते. त्याऐवजी रात्री टँकचे दिवे बंद झाल्यावर तासाभराने लाल प्रकाशाची टॉर्च घेऊन टँकसमोर बसा. मँटिस श्रिंपसारखा शिकारी किंवा केसाळ खेकडा लपला असेल तर तो याच वेळी बाहेर येतो. कुठल्या भोकातून आला ते नीट पाहून ठेवा, म्हणजे सकाळी तेवढाच दगड बाहेर काढावा लागेल.