लिनक्सवर रियाजाची सोय : कुलूप फोडण्याआधी हे वाचा

सुरुवातीलाच सांगते. सॉफ्टवेअर टाकताना 'कुड नॉट गेट लॉक' असा संदेश आला आणि कुणी म्हणालं, ती लॉकची फाइल उडवून टाक, सगळं सुरळीत होईल, तर ऐकू नका. सांगणारा हिंजवडीत कित्येक वर्षं नोकरी करत असला तरी ऐकू नका. का ते खाली सविस्तर लिहिलंय, कारण लिनक्स (विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली) शिकताना मी सगळ्यात जास्त रडले ती याच जागी.

मी गाणं शिकते, कॉम्प्युटर शिकलेली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि क्लासमधल्या बऱ्याच जणांचे लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसेनात. चांगली चालणारी मशीन भंगारात घालायची कुणाचीच इच्छा नव्हती. मग पुण्याच्या तपकीर गल्लीतून एसएसडी (वेगवान डिस्क) आणायची, जुन्या लॅपटॉपला बसवायची आणि तिच्यावर उबुंटू किंवा मिंट असं लिनक्स टाकायचं, असं एकमेकांचं बघून सुरू झालं. हे लिहितेय ते अशांसाठी. लिनक्स बसलंय, वायफाय लागतंय, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडता येतं, पासवर्ड टाइप करताना दिसत नाही हे माहीत आहे, इथवर तुम्ही पोचलात असं धरते. कमांड इथे मराठी अक्षरांत लिहिल्यात, टाइप मात्र इंग्रजीतच करायच्या.

आता ते कुलूप.

उबुंटूवर नव्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो 'उबुंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज' टाकण्याचा. गाणी-व्हिडिओ नीट चालायला कोडेक (ते उलगडणारे छोटे प्रोग्राम) लागतात, ते त्या गठ्ठ्यात आहेत, त्यामुळे सल्ला चुकीचा नाही. पण त्याच्यासोबत मायक्रोसॉफ्टचे जुने फॉन्टही येतात, एरियल, टाइम्स न्यू रोमन वगैरे. त्यांचा करारनामा टर्मिनलमध्येच एका रंगीत चौकटीत उघडतो. खाली 'ओके' लिहिलेलं दिसतं. त्यावर माउसने कितीही क्लिक केलं तरी काही होत नाही. माणसाला वाटतं, मशीन हँग झालं. मग कुणी खिडकी बंद करतं, कुणी पॉवरचं बटण दाबून धरतं, तर कुणी कुठेतरी वाचलेलं कंट्रोल-झेड दाबतं.

ती चौकट हँग झालेली नसते, तुमच्या उत्तराची वाट बघत असते. टॅब दाबा. 'ओके'वर रंग चढेल. मग एंटर. पुढच्या चौकटीत 'येस' निवडून पुन्हा एंटर. एवढंच. हे एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझी परीक्षेच्या आधीची रात्र वाचली असती, म्हणून दुसऱ्यांदा लिहिते: टॅब, मग एंटर.

समजा, ते कळायच्या आधीच चौकट सोडून तुम्ही बाहेर आलात. नवीन टर्मिनल उघडून पुन्हा इन्स्टॉल करायला गेलात की तो लॉकचा संदेश येतो. डीपीकेजी नावाचा कारभारी सगळी पॅकेजं बसवतो आणि त्याची नोंदवही /व्हार/लिब/डीपीकेजी या फोल्डरमध्ये असते. दोन प्रोग्रामनी एकाच वेळी त्या वहीत लिहू नये म्हणून आधी आलेला प्रोग्राम 'लॉक-फ्रंटएंड' नावाच्या फाइलवर ताबा सांगतो. हा ताबा फाइलमध्ये लिहिलेला नसतो, कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, त्या चालू प्रोग्रामच्या नावे धरलेला असतो. तो प्रोग्राम संपला की ताबा आपोआप सुटतो. फाइल मात्र तिथे कायम असते, काहीही चालू नसतानाही. म्हणजे फाइल दिसते म्हणून कुलूप लागलेलं आहे असं नाही, आणि फाइल उडवली म्हणून कुलूप उघडलं असंही नाही. दारावरची पाटी उचकटली म्हणून आतला माणूस बाहेर येत नाही, उलट बाहेरचा दुसरा माणूस आत घुसतो. मग दोघं एकाच वहीत लिहायला बसतात आणि ती वही बिघडली की खरोखरच मोठं काम निघतं.

मग करायचं काय? संदेश पूर्ण वाचायचा. कुठल्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) लॉक धरलंय तिचा नंबर आणि नाव नव्या उबुंटूत त्या संदेशातच लिहिलेलं असतं. नाव 'अनअटेंडेड-अपग्र' असं अर्धवट दिसलं तर तो सुरक्षेचे अपडेट स्वतःहून टाकणारा प्रोग्राम आहे. लॅपटॉप बऱ्याच दिवसांनी सुरू केला की तो हमखास कामाला लागतो. त्याला मारू नका. चहा ठेवा, थोडा वेळ थांबा. नाव 'ॲप्ट' (सॉफ्टवेअर उतरवून डीपीकेजीला देणारा प्रोग्राम) असेल आणि तुम्ही कंट्रोल-झेड दाबलं असेल, तर तो प्रोग्राम मेलेला नाही, नुसता थांबवून ठेवलाय आणि त्याचं लॉक तसंच आहे. मी अडकले ती इथे. त्याच टर्मिनलमध्ये 'एफजी' टाइप करून एंटर दाबा. ती रंगीत चौकट परत समोर येईल. टॅब, मग एंटर.

खिडकी बंद केली असेल किंवा मध्येच वीज गेली असेल तर? गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी कधीच संपलेली असते, त्यामुळे हे पुण्यात घडतंच. पुन्हा सुरू केल्यावर 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' असं येईल. घाबरू नका. काय करायचं ते त्याच ओळीत पुढे लिहिलेलं असतं: सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए. सुडो म्हणजे मालकाच्या अधिकाराने चालव. अर्धवट राहिलेलं काम तो तिथून पुढे नेतो. त्यानंतरही कुरकुर राहिली तर सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल. बहुतेक वेळा या दोन कमांडच्या पुढे जावंच लागत नाही. विंडोजवर संदेश न वाचता बंद करायची सवय लागलेली असते, ती इथे मोडावी लागते. लिनक्सचा संदेश रूक्ष असतो, पण बरेचदा उत्तर त्यातच दिलेलं असतं.

आणखी एक. मायक्रोसॉफ्टच्या त्या जुन्या फॉन्टांत देवनागरी नाहीच. मराठी वाचायला-लिहायला लोहित किंवा नोटोचे देवनागरी फॉन्ट लागतात. फक्त गाणी वाजवायची असतील तर 'उबुंटू रिस्ट्रिक्टेड ॲडऑन्स' टाका. त्यात कोडेक येतात आणि फॉन्टांचा करार येत नाही.

सॉफ्टवेअर कुठून घ्यावं याबद्दल माझं मत ठाम आहे. पहिलं घर ॲप्ट. व्हीएलसी (प्लेअर), ऑडॅसिटी (ध्वनिसंपादन), एफएफएमपेग (फाइलचं स्वरूप बदलणारं) तिथे आहेत, एका ओळीत येतात: सुडो ॲप्ट इन्स्टॉल, पुढे नाव. तिथे नसेल किंवा फारच जुनं असेल तर फ्लॅटपॅक नाहीतर स्नॅप. सॉफ्टवेअर टाकायच्या या दोन्ही पद्धती प्रोग्रामला कुंपणात ठेवतात. स्नॅपने टाकलेल्या प्रोग्रामला पेनड्राइव्हवरची गाणी दिसली नाहीत तर पेनड्राइव्ह खराब नाही, त्या प्रोग्रामला परवानगी नाही. उबुंटूच्या सेटिंगमध्ये ॲपच्या परवानग्या असतात, तिथून ती देता येते. फ्लॅटपॅकसाठी फ्लॅटसील हे परवानग्यांचं ॲप वापरा. एखाद्या वेबसाइटवर 'ही ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा' असं असेल आणि त्या ओळीत कर्लने (इंटरनेटवरून उतरवणाऱ्या कमांडने) काहीतरी उतरवून थेट सुडो बॅशला, म्हणजे मालकाच्या अधिकाराने चालवायला, दिलेलं असेल, तर ते सोडून द्या. अनोळखी माणसाच्या हातात घराच्या किल्ल्या जातात. अशा ओळी क्लासच्या ग्रुपवर फिरवणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, इथे टाकू नका.

आता गाणी उतरवण्याबद्दल. क्लासमध्ये सगळ्यांना वायटी-डीएलपी, म्हणजे यूट्यूबवरून उतरवून घेणारा प्रोग्राम, हवा असतो. तो चांगला प्रोग्राम आहे, पण यूट्यूबच्या अटींप्रमाणे परवानगीशिवाय तिथून उतरवून घ्यायला मनाई आहे हे आधी समजून घ्या. गुरुजींनी स्वतः चढवलेला धडा त्यांच्या परवानगीने घेणं वेगळं आणि आजच्या कलाकाराचा विकत मिळणारा अल्बम उचलणं वेगळं. गाण्यावर पोट असलेली माणसं आपण जवळून बघतो, निदान आपण तरी हे करू नये. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी विकत घेतलेलं गाणं फ्लॅकमध्ये (आवाज न गमावणाऱ्या स्वरूपात) उतरवता येतं, पैसेही कलाकारापर्यंत पोचतात.

जुन्या गायकीसाठी खरा खजिना इंटरनेट आर्काइव्ह. ७८ आरपीएमच्या असंख्य तबकड्या तिथे ऐकायला मिळतात, एका बाजूला साधारण तीन मिनिटं. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, सवाई गंधर्व १९५२ मध्ये. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या त्या मुदतीबाहेर गेल्यात. पदाच्या शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा असतो, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, तेवढं ध्यानात ठेवा.

वायटी-डीएलपी टाकायचं तर ॲप्टमधलं घेऊ नका. ते जुनं असतं आणि यूट्यूब सारखं बदलतं, त्यामुळे एके दिवशी बंद पडतं. पिपने (पायथॉन या भाषेतले प्रोग्राम बसवणाऱ्या कमांडने) टाकायला गेलात तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून नकार येईल. डेबियन (उबुंटू ज्यावर उभं आहे ते लिनक्स) १२ आणि उबुंटू २३.०४ पासून, म्हणजे २०२३ पासून, ही आडकाठी मुद्दाम ठेवली आहे, सिस्टीमच्या पायथॉनला धक्का लागू नये म्हणून. ती ओलांडायचा पर्याय आहे, त्याच्या नावातच 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस' लिहिलंय, तो वापरू नका. ॲप्टने पिपएक्स (प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या जागी बसवणारं) टाका, मग पिपएक्स इन्स्टॉल वायटी-डीएलपी, नंतर पिपएक्स एन्शुअरपाथ, आणि टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. न उघडल्यास 'कमांड नॉट फाउंड' येतं आणि सगळं पुन्हा करावंसं वाटतं. गरज नसते.

३२० केबीपीएसच्या (सेकंदाला आवाजाचा किती डेटा, त्या आकड्याच्या) मागे लागू नका. यूट्यूबवरचा आवाज साधारण १२८ ते १६० च्या आसपास असतो. त्याचं ३२० चं एमपीथ्री केलं तर फाइल फुगते, तानपुऱ्याची जवारी काही परत येत नाही, उलट पुन्हा दाबल्याने थोडी जातेच. आहे त्या ओपस किंवा एएसी स्वरूपात ठेवा.

फाइलची नावं हा मराठी माणसाचा खास प्रश्न. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ पद्धतीने आखलेल्या डिस्कवर नाव २५५ बाइटपर्यंत असू शकतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. त्यात मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे स्वतंत्र मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे. 'राग मारवा विलंबित एकताल' पासून सुरू होऊन कार्यक्रमाचं नाव, गाव, साल असं लांबलचक शीर्षक आलं की 'फाइल नेम टू लाँग' म्हणून डाउनलोड थांबतं. इंटरनेट चांगलं असतं, प्रोग्रामही चांगला असतो, नाव लांब असतं. आणि नावात विसर्गासारखा दिसणारा कोलन किंवा प्रश्नचिन्ह असेल तर लिनक्स ते चालवून घेतं, पण गाडीतल्या पेनड्राइव्हवर कॉपी होत नाही, कारण पेनड्राइव्हच्या फॅट३२ आणि एक्सफॅट या आखणीला ती चिन्हं चालत नाहीत. राग, ताल, गायक एवढंच नावात ठेवा, बाकीचं मेटाडेटात (फाइलच्या आत साठवलेल्या माहितीत). त्यासाठी म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा प्रोग्राम आहे.

रियाजाला दोन गोष्टी उपयोगी पडतील. व्हीएलसीत चौकोनी कंसाच्या कळांनी वेग कमी-जास्त होतो आणि पट्टी तीच राहते, त्यामुळे तान सावकाश ऐकता येते. गुरुजी काळी एकला गातात आणि तुमची पट्टी काळी दोन असेल, तर ऑडॅसिटीत 'चेंज पिच'ने दोन सेमिटोन वर घ्या. त्यापेक्षा फार ताणलं की आवाज खोटा वाटायला लागतो.

मदत कुणाची घ्यावी? काहीही झालं की 'फॉरमॅट मार' म्हणणारा माणूस टाळा. तुमच्या हातातला कीबोर्ड ओढून स्वतः टाइप करणाराही टाळा, त्याचं काम होतं आणि तुम्ही होता तिथेच राहता. 'संदेश काय आलाय, शब्दन् शब्द वाच' असं म्हणणारी व्यक्ती मिळाली तर तिला सोडू नका. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा जुना गट आहे, प्लग नावाचा, त्यांना विचारायला संकोच करू नका. मला फार वाटायचं की आपले प्रश्न अगदीच प्राथमिक आहेत. लॉकचा प्रश्न जाणत्यांनाही पडलेला असतो.

शेवटी टाइमशिफ्टविषयी. ते जरूर लावा, अपडेटने काही बिघडलं तर सिस्टीम मागे नेता येते. पण तुमचं होम फोल्डर ते आपणहून धरत नाही, म्हणजे म्युझिक फोल्डर त्यात नसतं. क्लासची रेकॉर्डिंग बाहेरच्या डिस्कवर वेगळी कॉपी करा, आणि डिस्क काढण्याआधी 'इजेक्ट' करून सुरक्षित झाल्याचा संदेश येईपर्यंत थांबा.